खजिन्याची किल्ली कुणाच्या कमरेला?

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. 'अमेरिकेतल्या राज्याचा खजिनदार : त्याचं काम आणि त्याची निवडणूक.' हसण्यासारखंच आहे. इथं नोकरीचा पत्ता नाही, गावाकडे आपला माणूस अजून मार खातोय, आणि हा गोदीतला कामगार अमेरिकेच्या तिजोरीवर बोलणार. हसा. पण नंतर ऐका.

आपण 'पँथर' हे नाव उचललं ते कुठून? १९६६ साली ओकलंडच्या काळ्या पोरांनी ब्लॅक पँथर काढली, १९७२ साली मुंबईच्या पोरांनी दलित पँथर. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८७३ साली, जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्यांची गुलामी मोडायला स्वतःला झोकून दिलं. हे आपण प्रत्येक सभेत सांगतो. टाळी पडते. आपण खाली बसतो. पण कुणी विचारत नाही, की बाबा, १८७३ साली तिकडे त्या सुटलेल्या गुलामांचं चाललं होतं काय?

सांगतो काय चाललं होतं. १८७३ साली दक्षिण कॅरोलायना नावाच्या राज्याच्या तिजोरीची किल्ली एका काळ्या माणसाच्या कमरेला होती. आणि लुइझियाना नावाच्या दुसऱ्या राज्याच्या तिजोरीची किल्ली दुसऱ्या काळ्या माणसाच्या. कुणी दान दिली नव्हती. लोकांनी मतं टाकून दिली होती. आठ वर्षांपूर्वीपर्यंत ज्या जातीची माणसं बाजारात बैलासारखी विकली जात होती, त्या जातीचा माणूस राज्याच्या पैशावर सही करत होता. जोतीराव इकडे शाई वाळवत होते तेव्हाची ही गोष्ट.

आता आधी हे पद काय आहे ते समजून घ्या.

अमेरिकेत पन्नास राज्यं. प्रत्येकाचं आपलं संविधान, आपला कर, आपली तिजोरी. राज्यात जमा होणारा सगळा पैसा सांभाळायचा कुणी, तर खजिनदाराने. कुठल्या बँकेत ठेवायचा, पडून असलेला पैसा कुठे गुंतवायचा, राज्याने कर्जरोखे काढले तर त्याचं व्याज आणि मुद्दल वेळेवर कसं फेडायचं, हे त्याचं काम. काही राज्यांत सरकारी नोकर आणि मास्तरांच्या पेन्शनचा फंडही त्याच्याच हाताखाली.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. खजिनदार स्वतः ठरवत नाही पैसा कशावर खर्च करायचा. ते विधिमंडळ ठरवतं. बिल तपासून 'द्या' असा हुकूम, ज्याला तिकडे वॉरंट म्हणतात, तो काढणारा अधिकारी वेगळा, त्याला कंट्रोलर म्हणतात. आणि तिजोरी उघडून पैसे देणारा वेगळा, तो खजिनदार. आणि मागाहून वह्या तपासणारा आणखी वेगळा, तो ऑडिटर.

आमच्या गोदीतल्या माणसाला हे लगेच कळेल. गोणी मोजणारा एक, गेटपास फाडणारा दुसरा, गेट उघडणारा तिसरा. तिघं वेगळे आहेत म्हणून माल जागेवर राहतो. तिघं एकाच साहेबाचे मेहुणे निघाले, की जहाज रिकामं आणि कागद भरलेला.

म्हणून तिकडच्या बहुतेक राज्यांनी ठरवलं, की खजिनदार गव्हर्नरच्या मर्जीतला नको. लोकांनी तो थेट निवडायचा. गव्हर्नरच्या निवडणुकीत, नाहीतर त्याच्या आगेमागे, खजिनदारासाठी वेगळं मत. पक्ष आपापला उमेदवार उभा करतात. बहुतेक ठिकाणी मुदत चार वर्षांची. गव्हर्नर एका पक्षाचा आणि खजिनदार दुसऱ्या पक्षाचा असंही होतं. आणि गव्हर्नरला तो आवडला नाही तरी त्याला हाकलता येत नाही, कारण दोघंही लोकांच्याच दारातून आलेले. मेरीलँड, मेन, न्यू हॅम्पशर, टेनेसी इथं मात्र विधिमंडळ निवडतं. टेक्सासने तर १९९६ साली हे पदच मोडीत काढलं. म्हणजे एकच एक पद्धत नाही. पण मूळ विचार हा, की पैसा ज्याच्या हातात त्याला लोकांनी विचारलं पाहिजे आणि तो लोकांना जबाबदार पाहिजे.

आता त्या दोन माणसांकडे या.

पहिला फ्रान्सिस कार्डोझो. जन्म चार्ल्स्टन बंदरातला, १८३६ च्या सुमाराचा. आई काळी पण गुलाम नसलेली, बाप गोरा ज्यू. पोरगा सुतारकाम आणि जहाज बांधायचं काम शिकला. रंधा मारून पैसे साठवले आणि त्या पैशावर स्कॉटलंडात ग्लासगोच्या विद्यापीठात जाऊन शिकला. गुलामी संपली तेव्हा १८६५ साली परत चार्ल्स्टनला आला आणि काय केलं? शाळा काढली. सुटलेल्या गुलामांच्या पोरांसाठी. आपला बाबा आठवतो की नाही?

१८६८ साली दक्षिण कॅरोलायनाचं नवं संविधान लिहायला परिषद बसली. त्या परिषदेत काळ्यांची बहुसंख्या होती. कार्डोझो तिथं शिक्षण समितीचा अध्यक्ष. सगळ्यांना मोफत सरकारी शाळा हे कलम त्या राज्यात तेव्हा आलं. गोऱ्या गरिबाच्या पोरालाही शाळा मिळाली ती या काळ्या लोकांमुळे, हे ध्यानात घ्या. त्याच साली कार्डोझो राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणून निवडून आला. अमेरिकेत अख्ख्या राज्याच्या मतांवर मोठ्या पदावर निवडून आलेला तो पहिला काळा माणूस. आणि १८७२ साली खजिनदार.

खुर्चीवर बसला तेव्हा तिजोरीची हालत वाईट होती. आधीच्या गोऱ्या खजिनदाराच्या काळात कर्जरोख्यांचा चिखल झालेला. विधिमंडळात एक टोळी होती, काळे आणि गोरे दोन्ही, तिला बिलं फटाफट पास करून हवी होती. कार्डोझोने हात आखडला. जे कायद्यात बसतं तेच देईन म्हणाला. झालं! १८७५ साली त्याला पदावरून काढायचा ठराव आला. आणला कुणी? त्याच्याच पक्षाच्या लोकांनी. ठराव पडला. तो टिकला. १८७४ ला निवडून आला होता, १८७६ लाही पुन्हा उभा राहिला.

दुसरा माणूस लुइझियानाचा अँटवान द्युब्युक्ले. १८६८ ते १८७८ पर्यंत खजिनदार. हा गोऱ्यांनाही दबकून असणारा श्रीमंत ऊसमळेवाला. आणि सत्य लपवायचं नाही म्हणून सांगतो, हा माणूस युद्धाच्या आधी स्वतः गुलाम बाळगत होता. काळा असून काळ्यांचा मालक. अशी माणसं आपल्यातही असतात, फक्त त्यांच्याकडे ऊसमळा नसतो. त्याला मी हार घालायला सांगत नाही. पण खजिनदार म्हणून त्याची वही चोख होती, हे शत्रूने कबूल केलं. १८७७ साली गोऱ्यांच्या पक्षाच्या हाती राज्य आलं तेव्हा त्याची चौकशी करायला समिती बसली. तिच्यात एडवर्ड व्हाईट नावाचा तरुण सेनेटर होता, जो पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा सरन्यायाधीश झाला. या लोकांनी पान न् पान उलटलं. महाभियोग लावण्यासारखं काही सापडलं नाही. हातात आलेल्या पैशाचा हिशोब या माणसाने दिला, असं त्यांनाच लिहावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, बघा, वही स्वच्छ ठेवली की कुणी वाकडं करू शकत नाही. थांबा. कार्डोझोचं पुढे काय झालं ते ऐका.

त्या राज्यात जमीनदार गोऱ्यांनी 'करदात्यांच्या परिषदा' भरवल्या. १८७१ साली एक, १८७४ साली दुसरी. ओरड काय? आमच्या कराच्या पैशावर हे अडाणी काळे राज्य करतायत. आमचा पैसा, यांची चैन! हा सूर ओळखीचा वाटतो ना? राखीव जागांवर बोलताना, स्कॉलरशिपवर बोलताना, हाच सूर आपल्या कानाशी रोज वाजतो. युद्धाच्या आधी जमिनीवरचा कर नावापुरता होता. शाळा काढायच्या म्हणून कर वाढला, तेव्हा यांना एकदम भ्रष्टाचार दिसायला लागला. भ्रष्टाचार नव्हता असं मी म्हणत नाही. होता, आणि त्यात गोरेही हात मारत होते. पण ओरड फक्त काळ्या हाताची.

मग ओरडीच्या मागून बंदुका आल्या. १८७६ च्या जुलैत हॅम्बर्ग गावात काळ्या मिलिशियावर हल्ला झाला आणि पकडलेल्यांना बाहेर काढून गोळ्या घातल्या. त्या साली निवडणुकीत लाल शर्ट घातलेल्या टोळ्या घोड्यावरून मतदाराच्या दारात गेल्या. निकालावर भांडण झालं, दोन गव्हर्नर, दोन सरकारं. १८७७ च्या एप्रिलमध्ये दिल्लीसारखं जे तिकडचं वॉशिंग्टन, त्याने आपले सैनिक काढून घेतले. आणि एका झटक्यात सगळं संपलं. कार्डोझोला कचेरी सोडावी लागली.

सोडली म्हणून सोडलं नाही. त्याच साली त्याच्यावर राज्याला फसवण्याच्या कटाचा खटला भरला. शिक्षा झाली. ग्लासगोला शिकलेला, शाळा काढणारा, टोळीला पैसे नाकारणारा हा माणूस सहा महिन्यांवर तुरुंगात राहिला. १८७९ साली माफी दिली गेली. माफी! चोर ठरवून माफी, म्हणजे डाग कायम.

त्याच्या बरोबरीनेच रॉबर्ट स्मॉल्सलाही असंच अडकवलं. हे नाव आमच्या गोदीवाल्यांनी पाठ करावं. चार्ल्स्टनच्या धक्क्यावर राबणारा गुलाम. १८६२ साली मालकांचं लढाऊ जहाज रात्रीतून चालवत बंदराबाहेर काढलं आणि आपल्या बायकापोरांसकट शत्रूच्या शत्रूच्या हवाली केलं. पुढे काँग्रेसमध्ये निवडून गेला. त्यालाही १८७७ साली लाचेच्या खटल्यात शिक्षा आणि १८७९ साली माफी. योगायोग बघा किती सोयीचा.

मग १८९५ साली नवं संविधान आणून, वाचता येतं का बघू, कर भरला का बघू, असल्या अटी घालून काळ्यांचं मतच काढून घेतलं. किल्ली हिसकली ती आधी. मतपेटी नंतर. मित्रांनो, क्रम लक्षात ठेवा.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. चोख वही लागतेच, पण वहीच्या मागे माणसं उभी नसली तर वही जाळता येते. द्युब्युक्ले सुटला, कार्डोझो अडकला. दोघांनी पैसा सांभाळला, पण ज्यांच्या मतांवर ते बसले होते ती मतंच बंदुकीने पळवली, तेव्हा एकाचा तुरुंग झाला आणि दुसऱ्यानंतर ती खुर्ची काळ्यांना बंद झाली.

किती काळ बंद? १९६२ साली उत्तरेकडच्या कनेक्टिकट राज्यात जेराल्ड लँब नावाचा काळा माणूस खजिनदार म्हणून निवडून आला. त्या पुनर्रचनेच्या काळानंतर अख्ख्या अमेरिकेत हा पहिला. म्हणजे ऐंशी वर्षांवर गेली. त्यानंतर कनेक्टिकटमध्ये ती खुर्ची पुन्हा पुन्हा काळ्यांकडे आली. हेन्री पार्कर आले. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारशी धंदा करणाऱ्या कंपन्यांतून अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांनी आपला पेन्शनचा पैसा काढला, त्यात कनेक्टिकट पुढे होतं. बघा, खजिनदाराच्या हातातली ताकद ही असते. मोर्चा इथं निघतो आणि पैसा तिथं हलतो.

त्याच राज्यातली आणखी एक गोष्ट. १९९७ साली तिथला खजिनदार मधेच गेला, तेव्हा गव्हर्नरने आपला माणूस नेमला, पॉल सिल्व्हेस्टर. १९९८ च्या निवडणुकीत त्याला हरवलं डेनिस नॅपियर या काळ्या बाईने. राज्याची खजिनदार म्हणून निवडून आलेली देशातली पहिली काळी स्त्री. पुढच्याच वर्षी सिल्व्हेस्टरने कोर्टात कबूल केलं, की पेन्शनचा पैसा कुठे गुंतवायचा यात त्याने लाच खाल्ली. वरून नेमलेला लाच खाऊन गेला, लोकांनी निवडलेली वीस वर्षं, २०१९ पर्यंत, टिकली. २०२२ साली तिथंच एरिक रसेल निवडून आला, तोही काळा.

पण निवडणूक म्हणजे जादू नव्हे. निवडणुकीला पैसा लागतो आणि पैसा देणारे बरेचदा तेच, ज्यांना राज्याचा पेन्शन फंड सांभाळायचं कंत्राट हवं. म्हणून २०१० साली अमेरिकेत केंद्राचा नियम आला, की अशा उमेदवाराला ठरावीक रकमेवर देणगी दिली तर त्या गुंतवणूक सल्लागाराला दोन वर्षं त्या सरकारकडून फी घेता येणार नाही.

आणि दक्षिण कॅरोलायना? तीच, कार्डोझोची? २०२४ साली तिथं उघड झालं, की सरकारी वह्यांत १८० कोटी डॉलर दिसतायत पण ते कुणाचे, कशाचे, कुणालाच सांगता येत नाही. जानेवारी २०२५ ला तपासणीचा अहवाल आला, त्यातली बहुतेक रक्कम खरी नव्हतीच, नुसत्या जमाखर्चाच्या नोंदी. खजिनदार गोरा, निवडून आलेला. तो म्हणाला, चूक माझ्या खात्याची नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या सेनेटने त्याला काढायच्या बाजूने ३३ विरुद्ध ८ मत दिलं. खालच्या सभागृहाने विषय पुढे नेला नाही, अधिवेशन संपलं, साहेब खुर्चीवर. तो दोषी की निर्दोष, मी ठरवणारा कोण? मी फक्त दीडशे वर्षांच्या अंतरावरच्या एकाच खुर्चीकडे बोट दाखवतोय. एकाला तुरुंग, दुसऱ्याला खुर्ची. रंग कुणाचा कुठला, ते तुम्ही ऐकलंत.

आता आपल्याकडे बघू.

आपल्याकडे राज्याचा खजिनदार लोक निवडत नाहीत. मुख्यमंत्री ज्याला अर्थखातं देईल तो अर्थमंत्री. कोषागारात बसतात ते सरकारी अधिकारी. वह्या तपासतो तो देशाचा महालेखापरीक्षक, पण पैसा गेल्यावर, वर्षा-दोन वर्षांनी. बाबासाहेबांनी संविधान सभेत या महालेखापरीक्षकाला फार मोठं स्थान दिलं. ते उगाच नव्हे. बाबासाहेब आधी अर्थशास्त्री, मग वकील, हे आपण विसरतो. कोलंबियाला सेलिग्मन या सार्वजनिक अर्थकारणाच्या प्रोफेसरच्या हाताखाली शिकले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर पुस्तक, १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर पुस्तक. कुठल्या प्रांताच्या तिजोरीत काय येतं, कोण नेतं, यावर आख्खा प्रबंध. अशा माणसाला नेहरूंच्या मंत्रिमंडळात कायदा खातं. नियोजन खातं देऊ म्हणाले, दिलं नाही. १९५१ साली राजीनाम्याच्या निवेदनात बाबासाहेबांनी हे स्वतः सांगितलंय. संविधान लिहायला द्यायचं, किल्ली द्यायची नाही!

त्याचा परिणाम आजवर. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात बजेटमधला पैसा वेगळा ठेवायचा हे धोरण १९७९-८० पासूनचं. कागदावर पैसा येतो. मग पाय फुटतात. २०१० च्या राष्ट्रकुल खेळांसाठी दिल्ली सरकारने या निधीतले सुमारे ७०० कोटी वळवले, आणि ते चूक होतं हे केंद्राच्या गृहमंत्र्यांना संसदेत कबूल करावं लागलं. आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ साली या निधीसाठी कायदा केला. तरी २०२३ साली कर्नाटकात यातलेच हजारो कोटी निवडणुकीतल्या हमी योजनांकडे गेले. आपल्या महाराष्ट्रात २०२५ साली सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी लाडक्या बहिणींच्या योजनेकडे वळले, तेव्हा त्या खात्याचा मंत्रीच जाहीर कुरकुरला. गरीब बायकांना पैसा मिळू नये असं कोण म्हणेल? त्यांच्यात आपल्याही बहिणी आहेत. पण द्यायचा तर सगळ्यांच्या ताटातून द्या. आमच्याच ताटातलं उचलून आम्हालाच वाढल्याचं पुण्य कशाला?

तर मागणी साधी. वेगळा ठेवलेला पैसा वळवायला बंदी करणारा कायदा, आणि वळवला तर सही करणाऱ्याला शिक्षा. कुणी, कधी, कुठे वळवला, ते दर तीन महिन्यांनी जिल्ह्याच्या कचेरीबाहेर मराठीत लावलेलं पाहिजे.

आणि शेवटचं आपल्या घरचं. जयंती कमिटी, बुद्धविहाराचा ट्रस्ट, पतपेढी, युनियन. अध्यक्ष व्हायला दहा जण भांडतात, बॅनरवर फोटो कुणाचा मोठा यावर डोकी फुटतात. खजिनदार कोण, तर जो त्या दिवशी मीटिंगला आला नाही तो. हे बंद करा. खजिनदार सगळ्यांनी हात वर करून निवडा. बिल मंजूर करणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा, वही तपासणारा तिसरा. वर्षातून दोनदा वही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा, बायकांनाही बसवून. नॅपियरचं नाव मी त्यासाठीच घेतलं. आणि प्रामाणिक पोरगा खजिनदार असेल आणि टोळी त्याच्या मागे लागली, तर त्याला एकटं सोडू नका. कार्डोझोच्या मागे राज्याची निम्म्याहून जास्त वस्ती होती. तिला घरात कोंडायला बंदुका लागल्या. आपल्याला कोंडायला कुणाला बंदूक लागत नाही, आपण स्वतःच घरी बसतो.

वॉर्डाच्या ऑफिसात जा. बजेटचं पुस्तक मागा. देत नाहीत म्हणाले तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. पहिल्यांदा वाचाल तेव्हा काही कळणार नाही. दुसऱ्यांदा वाचा. आपल्या वस्तीचं नाव कुठल्या पानावर आहे ते शोधा. पुढच्या वर्गाला येताना ते पान घेऊन या, आपण बसून वाचू.

जयभीम.